गाडी आपली, बदल आपला, मग वॉरंटी कोणाची?

  ज्या गावात डॉइचे वेलेचं एवढं मोठं मुख्यालय आहे, तिथून आपण आपला छोटासा मराठी कार्यक्रम करतो याची मला दरवेळी गंमत वाटते. असो. आजचा विषय गाडीचा आहे. पण मायलेज किती आणि सनरूफ आहे का, असला नाही. गाडी घेतल्यावर आपण तिच्यात जे काही बसवतो, काढतो, बदलतो, त्यानंतर आपले हक्क कुठे उभे राहतात, हा विषय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. आयटी सल्लागार आहे. पण कराराची कागदपत्रं वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांची गाडीची भांडणं मी कागद हातात घेऊन जवळून पाहिली आहेत. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आपली माणसं दोन टोकांना असतात. काही जण "वॉरंटी जाईल" या भीतीने गाडीला साधा डॅशकॅमसुद्धा लावत नाहीत. आणि काही जण नाना पेठेतून आणलेले एलईडी बल्ब हेडलाइटमध्ये बिनधास्त बसवतात. गंमत अशी की भीती बाळगणाऱ्याला बहुतेक वेळा धोका नसतो, आणि बिनधास्त असणाऱ्याला आपण काय गमावलं याचा पत्ता नसतो.

मूळ घोळ शब्दाचा आहे. आपण सगळ्याला "वॉरंटी" म्हणतो. इथे जर्मनीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नावंही वेगळी आहेत. एक गेवेअरलाइस्टुंग, दुसरी गारांटी. पहिली कायद्याने मिळते. बीजीबी म्हणजे इथल्या नागरी संहितेप्रमाणे, विकणाऱ्याने माल निर्दोष द्यायचा असतो, आणि दोन वर्षं त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. कंपनीवर नाही, विकणाऱ्यावर. वापरलेली गाडी डीलरकडून घेतली तर ही मुदत तो एक वर्षापर्यंत कमी करू शकतो, पण २०२२ पासून त्यासाठी त्याने तुम्हाला आधी स्पष्ट सांगावं लागतं आणि करारात ते वेगळं नमूद करून घ्यावं लागतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकून भागत नाही.

दुसरी, गारांटी, ही कोणीतरी आपल्या खुशीने दिलेली असते. कधी कंपनी देते, कधी डीलर एखाद्या विमा कंपनीमार्फत विकतो. ती त्याच्या अटींवर चालते. आणि त्या कागदावर हेही लिहिलेलं असावंच लागतं की या गारांटीमुळे तुमच्या कायदेशीर हक्कांना धक्का लागत नाही. तुमच्याकडचा कागद काढून बघा, ते वाक्य सापडेल. तेच वाक्य सगळ्यात कमी वाचलं जातं.

आता एका श्रोत्या ताईंची गोष्ट सांगतो. नाव, गाव, डीलर काहीच सांगत नाही. त्यांनी इथल्याच भागातल्या एका डीलरकडून सात वर्षं जुनी पेट्रोल स्टेशन वॅगन घेतली. मुलांच्या सायकली न्यायच्या म्हणून घराजवळच्या गॅरेजमध्ये मागे आनहेंगरकुप्लुंग, म्हणजे ट्रेलर जोडायचा हूक, बसवून घेतला. आठव्या महिन्यात टर्बो गेला. दुरुस्तीचा अंदाज आला २,८०० युरो. डीलरने फोनवरच सांगितलं, तुम्ही बाहेर काम करून घेतलंय, वॉरंटी संपली. ताईंनी यजमानांना सांगितलं, यजमान म्हणाले, तरी मी म्हणत होतो हूक नको. घरात दोन दिवस अबोला. सायकली तळघरात.

इथे पहिला प्रश्न विचारायचा तो हा की डीलर कुठल्या वॉरंटीबद्दल बोलतोय. त्याने गाडीबरोबर एक वर्षाची गारांटी दिली होती, तिच्या अटी काहीही असोत. पण तो स्वतः विक्रेता आहे, म्हणून त्याच्यावर गेवेअरलाइस्टुंग आहेच. आणि बीजीबीच्या ४७७ कलमाप्रमाणे, गाडी ताब्यात मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत दोष दिसला, तर तो दोष सुरुवातीपासूनच होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. १ जानेवारी २०२२ पासून झालेल्या खरेदीसाठी ती एक वर्ष आहे. ताई आठव्या महिन्यात होत्या. जुन्या कायद्यात त्या अडचणीत आल्या असत्या, नव्या कायद्यात नाही.

दुसरा प्रश्न, हुकाचा आणि टर्बोचा संबंध काय? हा "संबंध" शब्द आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा आहे. बदल केला म्हणून हक्क जात नाही, बदलामुळे बिघाड झाला असेल तर जातो. मागे बसवलेल्या हुकाने पुढचा टर्बो बिघडत नाही. आता त्याच हुकाला परवानगीपेक्षा जड कॅरव्हॅन जोडून कोणी आल्प्स चढून आला असेल, तर गोष्ट वेगळी. मग इंजिनावर ताण पडला असं डीलर म्हणू शकतो, आणि त्यात तथ्यही असेल. पण दोन सायकली हा काही ताण नव्हे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुन्या गाडीतली नेहमीची झीज हा दोष धरला जात नाही. ब्रेक पॅड झिजले, क्लच वयाप्रमाणे गेला, तर त्याचं बिल आपलं. टर्बो नेमका झिजला की सदोष होता, यावर डीलर भांडू शकला असता. पण तो त्यावर भांडलाच नाही, तो हुकावर अडला होता. ताईंनी फोन बंद केले आणि पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, बिघाडाची तारीख, ४७७ कलम, आणि दुरुस्तीसाठी दोन आठवड्यांची मुदत. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. मुदत संपायच्या आत डीलरचा फोन आला, गाडी आणा म्हणून. टर्बो त्याने बदलून दिला.

पत्रात मुदत का, तर आधी विकणाऱ्याला दुरुस्तीची संधी द्यावी लागते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपली माणसं घाईत दुसरीकडे दुरुस्ती करून घेतात आणि मग बिल डीलरला पाठवतात. इथल्या सर्वोच्च नागरी न्यायालयाने, म्हणजे कार्ल्सरूहच्या बीजीएचने, २००५ मध्येच सांगून ठेवलंय की विक्रेत्याला संधी न देता स्वतः दुरुस्ती करून घेतली तर तो खर्च मागता येत नाही. मुलांची सुट्टी आहे, उद्या हॉलंडला निघायचंय, हे सगळं खरं. तरी आधी पत्र.

बाहेरच्या गॅरेजबद्दलही बोलू. "सर्व्हिस आमच्याकडेच करा, नाहीतर वॉरंटी जाईल" हे वाक्य आपण पुण्यातही ऐकलंय आणि इथेही ऐकतो. २५ सप्टेंबर २०१३ ला बीजीएचसमोर नेमकं हेच प्रकरण होतं. वापरलेली गाडी, सोबत पैसे मोजून घेतलेली गारांटी, सर्व्हिसिंग एका स्वतंत्र गॅरेजमध्ये, मग बिघाड, मग नकार. न्यायालय म्हणालं, जी गारांटी ग्राहकाने पैसे देऊन घेतली आहे तिच्यात अशी सरसकट अट घालता येत नाही. युरोपीय आयोगाची स्पर्धाविषयक मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: कंपनीने स्वतःची वॉरंटी केवळ अधिकृत गॅरेजमध्येच काम केलं किंवा कंपनीच्याच शिक्क्याचे सुटे भाग वापरले, या अटीला बांधायची नाही. बाहेर केलेलं काम कंपनीने ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे झालेलं असावं आणि त्याचं बिल असावं, एवढं आपल्या बाजूने हवं. बिलावर किलोमीटर, तेलाचा प्रकार, तारीख. रोख देऊन बिल न घेणारा माणूस २० युरो वाचवतो आणि पुढचा पुरावा घालवतो.

अमेरिकेतल्या आपल्या वाचकांसाठी, तुमच्याकडे हेच तत्त्व १९७५ पासून आहे. मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. दुसऱ्या कंपनीचा भाग लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागाने नुकसान केलं हे दाखवावं लागतं. म्हणजे न्यू जर्सीतल्या आणि बॉनमधल्या माणसाचा प्रश्न एकच आहे, फक्त अर्ज वेगळ्या भाषेत करायचा.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, मग काय, करा हवे ते बदल. थांबा. जर्मनीत खरी अडचण वॉरंटीची नाहीच. ती आहे बेट्रीब्स-एरलाउब्निसची. म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी, जी गाडीच्या मॉडेलला मिळालेली असते. लायसन्स माणसाला असतं, तशी ही गाडीला. वाहन परवाना नियमांच्या १९व्या कलमाप्रमाणे तीन प्रकारच्या बदलांनी ही परवानगी आपोआप संपते. गाडीचा मंजूर प्रकारच बदलला तर. इतरांना धोका होईल असा बदल असेल तर. आणि धूर किंवा आवाज वाढला तर. आपोआप म्हणजे कोणी नोटीस पाठवत नाही. तुम्ही बल्ब बसवला, बॉनेट बंद केलं, आणि परवानगी गेली. त्या रात्री तुम्ही कोएल्नच्या ऑटोबानवर मस्त पांढऱ्या उजेडात गाडी चालवता आणि आपण परवानगीविना चालवतोय हे तुम्हाला माहीतही नसतं.

दंड फार मोठा नाही. साधारण ५० युरो, आणि सुरक्षेला बाधा येत असेल तर ९० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या खात्यात एक पॉइंट. पण गाडी तिथेच थांबवली जाऊ शकते, आणि ट्यूफ किंवा डेकराच्या तपासणीत ती पास होत नाही.

यातून वाट काय? वाट कागदाची आहे, आणि इथे जर्मन लोकांना दाद द्यावी लागते. प्रत्येक भागासाठी रस्ता ठरलेला आहे. काही भागांवर वर्तुळात किंवा चौकोनात ई हे अक्षर आणि आकडा असतो. तो ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी लावला तर बहुतेकदा पुढे काही करावं लागत नाही. आपल्या ताईंचा हूक या प्रकारातला होता, त्याचे कागद गाडीत ठेवले की झालं. काही भागांबरोबर आ-बे-ए नावाचं प्रमाणपत्र येतं. ते नीट वाचायचं, कारण त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आणि अटी दिलेल्या असतात, आणि तेही गाडीत ठेवायचं. काही भागांना टाइलेगुटआख्टन असतं, म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल. हा भाग बसवल्यावर लगेच तपासनिसाकडे जाऊन पास करून घ्यावा लागतो. आणि ज्याला यातलं काहीच नाही, त्याची स्वतंत्र तपासणी, जी महाग असते आणि होईलच याची खात्री नसते. म्हणून खरेदी करताना विक्रेत्याला एकच विचारायचं: याला कागद कुठला येतो? "सगळे लावतात हो" हा कागद नव्हे.

एलईडीचंच बघा. आधी हॅलोजन असलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकणं इथे पूर्ण बेकायदा होतं. २०२० पासून काही ठरावीक बल्ब ठरावीक मॉडेलांसाठी मंजूर झाले. म्हणजे तोच बल्ब तुमच्या शेजाऱ्याच्या गाडीत कायदेशीर आणि तुमच्या गाडीत बेकायदा असू शकतो. नाना पेठेतला मात्र दोन्हीकडे बेकायदा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचाही.

आणखी एक बारकावा, जो आयटीवाल्यांना पटकन कळेल. समजा तुम्ही मोठी चाकं लावली, त्यांना प्रमाणपत्र आहे. मग गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावल्या, त्यांनाही प्रमाणपत्र आहे. दोन्ही कागद खरे. तरीही गाडी बेकायदा असू शकते, कारण प्रत्येक प्रमाणपत्र "बाकी गाडी मूळ अवस्थेत आहे" असं धरून दिलेलं असतं. दोन पॅच वेगवेगळे तपासले, एकत्र कोणी तपासलेच नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी असे दोन पॅच टाकून घरी गेलेला माणूस शनिवारी काय करतो हे मी अनेकदा पाहिलंय. गाडीच्या बाबतीतही एकत्र तपासणी वेगळी करावी लागते.

आता विमा. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य: परवानगी गेली की विमा गेला. असं नाही. सक्तीचा हाफ्टप्फ्लिश्ट विमा, म्हणजे आपला थर्ड पार्टी, समोरच्याचं नुकसान भरून देतोच. समोरच्याला तुमच्या बल्बची शिक्षा मिळत नाही. पण नंतर तीच कंपनी तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, अशा प्रकरणात साधारणपणे ५,००० युरोपर्यंत. तुमच्या स्वतःच्या गाडीचा कास्को विमा असेल, तर बदल लपवल्यामुळे धोका वाढला असं म्हणून ती रक्कम कापू शकते, आणि जाणूनबुजून केलं असेल तर नाकारूही शकते. इथेही पुन्हा तोच "संबंध" येतो. बदलाचा अपघाताशी काही संबंध नव्हता हे दाखवता आलं, तर पैसे द्यावे लागतात. लाल सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कोणी ठोकलं, तर तुमच्या स्प्रिंगांचा त्यात दोष नाही. पण पावसात वळणावर गाडी घसरली आणि चाकं कागदावर नसलेली निघाली, तर विमा कंपनीचा तज्ज्ञ आधी चाकांचाच फोटो काढेल. तेव्हा बदल कायदेशीर असला तरी विमा कंपनीला कळवायचा. एक ईमेल पुरतो, उत्तर जपून ठेवायचं. इंग्लंडमधल्या मंडळींनी तर हे जास्तच कटाक्षाने करावं. तिथे विमा घेताना विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं कायद्यानेच तुमच्यावर आहे, आणि बदलांबद्दल विचारलं जातंच.

चिप ट्यूनिंगबद्दल फार बोलत नाही, कारण ते सरळ आहे. १५० घोड्यांचं इंजिन १९० चं केलंत, की संबंध शोधायला जावं लागत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो सगळ्याशी संबंध आहे. ताईंच्या टर्बोचं उदाहरण इथे उलटं होतं. अधिकृत गॅरेज गाडीच्या संगणकात बघून सांगतं की सॉफ्टवेअर कंपनीचं नाही, आणि परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी बदलाच्या खुणा अनेकदा राहतात. ज्याला लॉगफाइल म्हणजे काय हे माहीत आहे त्याने तरी या भ्रमात राहू नये.

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. बदल नेहमी मालकच करतो असं नाही. २०१५ साली फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांमध्ये कंपनीनेच असं सॉफ्टवेअर घातलेलं सापडलं, जे तपासणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवत होतं. इथल्या केबीएने, फ्लेन्सबुर्गच्या वाहन खात्याने, सुमारे २४ लाख गाड्या परत बोलावल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने, जिच्या टेकडीवर आपल्यापैकी अनेक जण सकाळी फिरायला गेले असतील, भारतातल्या गाड्या तपासल्या आणि कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. पुढे २५ मे २०२० ला बीजीएचने निकाल दिला की ग्राहकाला फसवलं गेलंय आणि त्याला भरपाई मिळाली पाहिजे. त्यातून वापरलेल्या किलोमीटरची किंमत वजा केली, हे जर्मन न्यायालयच करू जाणे.

पण त्या प्रकरणातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दुसराच आहे. कंपनीने केलेल्या चुकीची दुरुस्ती म्हणून सॉफ्टवेअर अपडेट आलं. काही मालक म्हणाले, आम्ही नाही घेत, गाडीची ताकद कमी होईल. त्यांच्यापैकी काहींच्या गाड्या प्रशासनाने रस्त्यावरून बंद केल्या. म्हणजे चूक कंपनीची असली, तरी गाडी मंजूर अवस्थेत आणायची जबाबदारी शेवटी मालकाच्या दारात येते. ते पत्र टेबलावर तसंच पडून राहू देऊ नका, एवढंच. केबीएचं रिकॉलचं पत्र जाहिरातीसारखं दिसलं तरी जाहिरात नसतं.

कंपनीची किंवा लीजिंगची गाडी असेल, आणि बॉनमध्ये टेलिकॉमपासून डीएचएलपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे तशी असते, तर हा सगळा विषय एका ओळीत संपतो: गाडी तुमची नाही, लेखी परवानगीशिवाय काही लावू नका. परत देताना काच काळी केलेली निघाली तर बिल येतं. तसंही पुढच्या बाजूच्या काचांना फिल्म लावायला इथे बंदी आहे, मागच्यांना चालते, तीही मंजुरीची खूण असलेली. मुंबईच्या उन्हाची सवय असलेल्यांना हे पटत नाही, पण बॉनमध्ये ऊन तरी कितीसं पडतं.

डॅशबोर्डवरच्या गणपतीबद्दल दरवर्षी कोणीतरी विचारतंच. छोटा गणपती ठेवल्याने परवानगी जात नाही आणि वॉरंटीही जात नाही. पण तो एअरबॅगच्या झाकणावर नसावा, आणि समोरचं दिसण्यात अडथळा येऊ नये. आरशाला लटकवलेल्या माळेलाही हेच लागू. एअरबॅग उघडते तेव्हा तिच्यावरची वस्तू कुठे जाते याचा विचार केलात तर बाप्पांना मधल्या खणात बसवाल.

भारतात परत जाणाऱ्या किंवा तिथे गाडी ठेवलेल्यांसाठी दोन वाक्यं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, आणि ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. केरळमधलं प्रकरण होतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही आला, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा पुतण्याला बुलेटचा सायलेन्सर बदलायला पैसे पाठवताना जरा विचार करा. पोलीस ते सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोड रोलर फिरवतात, ते व्हिडिओ तुम्हीच तर फॅमिली ग्रुपवर टाकता.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते त्याकडे येतो. गाड्यांपेक्षा आपल्या मुलांच्या ई-स्कूटर आणि ई-सायकली. इथे ई-स्कूटरला १५ जून २०१९ पासून परवानगी आहे. वय १४, वेग जास्तीत जास्त २० किलोमीटर, आणि मागे विम्याचा स्टिकर. ई-सायकल, म्हणजे पेडेलेक, २५ किलोमीटर वेगापर्यंतच मोटरची मदत देते आणि मोटर २५० वॅटची असते. म्हणूनच कायद्याने ती सायकल धरली जाते. लायसन्स नको, विमा नको.

आणि इंटरनेटवर थोड्याशा पैशांत एक छोटी चिप मिळते जी ही मर्यादा काढून टाकते. सोळा वर्षांच्या मुलाला ती बसवायला पंधरा मिनिटं लागतात. बॅटरी आणि मोटरवरची गारांटी गेली, हे त्यातलं सगळ्यात किरकोळ नुकसान. त्या क्षणी सायकल सायकल राहत नाही, ती मोटार वाहन होते. मग ती विना लायसन्स आणि विना विमा चालवणं हा इथे दंडाचा विषय नाही, फौजदारी गुन्हा आहे. आणि वयाच्या १४ व्या वर्षापासून फौजदारी जबाबदारी सुरू होते. घरचा प्रिवाट-हाफ्टप्फ्लिश्ट विमा, ज्यावर आपण सगळे निर्धास्त असतो, तो मोटार वाहनांचं नुकसान साधारणपणे देत नाही. राइनच्या काठावरच्या सायकल रस्त्यावर, रविवारी संध्याकाळी, एखाद्या वृद्ध गृहस्थांना त्या मुलाची धडक बसली तर हॉस्पिटलचा, पुनर्वसनाचा, वेदनेच्या भरपाईचा खर्च कोणाच्या डोक्यावर येईल, ते तुम्हीच बघा.

त्यात आपण परदेशी. नागरिकत्वाचा अर्ज चालू असताना अर्जदारावर फौजदारी चौकशी सुरू असेल, तर ती संपेपर्यंत अर्जावरचा निर्णय थांबवून ठेवतात, कायद्यातच तसं आहे. अल्पवयीन मुलांना दिलेल्या सौम्य शिक्षा नंतर आड येत नाहीत, हे खरं आणि दिलाशाचं आहे. पण थांबलेला अर्ज थांबलेलाच असतो, आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलाचं गणित वेगळं होऊ शकतं. लायसन्सच्या वेळीही हे प्रकरण समोर येऊ शकतं.

तेव्हा आज जेवताना मुलांना सहज विचारा, तुझी सायकल किती जोरात जाते रे? ओरडून नको. तीस-पस्तीस असं अभिमानाने उत्तर आलं आणि ते उतारावरचं नसेल, तर चिप काढून घ्या. दुकानात नेण्याआधी काढा, कारण बऱ्याच सिस्टिम चिप ओळखतात आणि दुकानदार मग सायकलला हात लावायलाही तयार नसतो.

एक शेवटचा प्रश्न गेल्या आठवड्यात आलेला आहे. एक दादा तीन वर्षांनी पुण्याला परत चाललेत, गाडी आपल्याच ग्रुपवर नव्याने आलेल्या कुटुंबाला विकायची आहे. गाडीला त्यांनी दुसरी चाकं लावलीत, कागदावर चढवलेली नाहीत. सांगू का नको, असं विचारतात.

दादा, सांगा. खासगी विक्रीत तुम्ही दोषांची जबाबदारी करारात नाकारू शकता, एडीएसीचा तयार नमुना मिळतो, तो वापरा. पण माहीत असलेला दोष लपवला तर ती नाकारण्याची ओळ उपयोगाची राहत नाही. परवानगी गेलेली गाडी हा दोष आहे, आणि तुम्हाला तो माहीत आहे. आता तर लेखी विचारून तुम्ही त्याचा पुरावाही तयार केलात. समोरचं कुटुंब नवीन आहे, फाहरत्सॉइगशाइन अजून वाचता येत नसेल. आपला माणूस म्हणून त्यांनी ट्यूफ न करता गाडी घ्यायची तयारी दाखवली असेल. दोन मार्ग आहेत. मूळ चाकं तळघरात असतील तर ती चढवा आणि गाडी द्या. नसतील तर चाकांचे कागद शोधा, तपासनिसाकडे जा, चढवून घ्या, आणि खर्च किमतीत धरा. करारात लिहा, कुठली चाकं, कुठला कागद, कोणत्या तारखेची तपासणी.

तुम्ही घेणारे असाल आणि डीलरशी वाजलं असेल, तर कोर्टाआधी दोन दारं आहेत. वेर्ब्राउखरत्सेन्ट्राले एनआरडब्ल्यूचं सल्ला केंद्र बॉनमध्येच आहे, थोडं शुल्क असतं. आणि डीलर किंवा गॅरेज जर मोटार कारागिरांच्या इन्नुंग संघटनेचं सभासद असेल, तर त्यांची शीड्सश्टेले, म्हणजे लवाद, ग्राहकासाठी मोफत आहे. दुकानाच्या दारावरची इन्नुंगची पाटी गाडी घेण्याआधीच बघून ठेवा. रेश्ट्सशुट्स विमा असेल तर त्यात वाहनविषयक भाग आहे का तेही बघा, अनेकांचा नसतो.

पुढच्या वेळी हिवाळी टायरबद्दल, आणि फाहरत्सॉइगशाइनवर एकच साइज लिहिलेली असते तेव्हा बाकीच्या कुठे शोधायच्या, याबद्दल बोलू. त्यासाठी गाडीबरोबर मिळालेला सीओसी नावाचा कागद घरात कुठे आहे ते तोवर शोधून ठेवा. नमस्कार.